मल्टिप्लायरला कुलूप, डोक्याला ताप

चंद्रपूरच्या मे महिन्यात माणूस आपणहून काही तापवायला जात नाही. पारा ४७-४८ अंशांना टेकलेला असतो, डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी बारा ते पाच गांधी चौकातलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी शहरातल्या कुठल्याशा घरात, कूलरच्या अगदी तोंडाशी, एक पोट्टा कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून बसलेला असतो आणि आतला प्रोसेसर आणखी तापेल अशी तजवीज करत असतो. कूलर घरच्यांसाठी घेतलेला असतो. वारा प्रोसेसर खातो.

"काय करून रायला बे?" जेवून आडवे झालेले वडील विचारतात.

"ओव्हरक्लॉक करून रायलो, बाबा."

"म्हंजे?"

"म्हंजे तीनशेचे साडेचारशे होते. फुकटात."

वडील उठून बसतात. तीनशेचे साडेचारशे, तेही फुकटात, असं सांगणारी माणसं त्यांनी आधी पाहिलेली असतात. त्यांतली बरीचशी पुढे दिसेनाशी झाली. पोरगं कुण्या चिटफंडात शिरलं की काय, ही त्यांची पहिली शंका अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

पण या स्कीममध्ये तथ्य असतं, निदान १९९८ च्या आसपास होतं. प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. मदरबोर्डवर एक मूळ ठोका चालू असतो. त्याला तेव्हा एफएसबी म्हणत, पुढे बेस क्लॉक म्हणू लागले. प्रोसेसर त्या ठोक्याला आपल्याकडच्या एका आकड्याने गुणतो, तो आकडा म्हणजे मल्टिप्लायर. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका, साडेचारचा मल्टिप्लायर, की झाला ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. (कॅल्क्युलेटर काढून २९७ दाखवणाऱ्यांसाठी: खरा ठोका ६६.६६ चा असतो.) मल्टिप्लायर मोकळा असेल तर काही प्रश्नच नाही, साडेचारचा साडेपाच केला की झालं. पण कंपनीने तो कारखान्यातच पक्का करून पाठवला असेल, तर हाताशी एकच आकडा उरतो, मूळ ठोक्याचा. आणि तो ठोका काही एकट्या प्रोसेसरच्या मालकीचा नसतो.

लग्नाची वरात डोळ्यांपुढे आणावी. डफडेवाला ठोका धरतो. नवरदेवाचा मित्र दर ठोक्याला साडेचार पावलं टाकतो. त्याहून एक जास्त टाकायचं नाही, अशी त्याला घरून सक्त ताकीद आहे. त्याला आणखी जोरात नाचवायचं तर डफडं जलद करायला हवं. पण त्याच डफड्यावर मागून नवरीचे मामा चाललेत, दुखरे गुडघे घेऊन. मामांनी दर दोन ठोक्यांना एक पाऊल टाकायचं असं ठरलंय. ठोका ६६ चा असताना मामांची पावलं ३३ पडतात, मामा खूश. डफडं एकदम १०० वर गेलं तर शहाणा मदरबोर्ड मामांच्या कानात सांगतो, आता तीन ठोक्यांना एक टाका. पुन्हा ३३, मामा पुन्हा खूश. घोटाळा होतो तो अधेमधे, ७५ आणि ८३ ला. तिथे मामांना नवा हिशेब कुणी सांगत नाही. ते बिचारे दोनाला एकच टाकत राहतात, म्हणजे ८३ ला साडेएकेचाळीस, आणि भर रस्त्यात आडवे होतात. मामा म्हणजे पीसीआय बस, प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी वाट. त्यांच्या हातातली पिशवी म्हणजे हार्ड डिस्क. आणि त्या पिशवीत वडिलांच्या दुकानाचा वर्षभराचा टॅलीचा हिशेब असतो.

म्हणून ६६ वरून थेट १०० वर उडी मारणारा पोट्टा सुखरूप राहतो आणि 'उगीच रिस्क नको' म्हणून ८३ वर थांबणारा मार खातो. भित्र्या माणसाचं जास्त नुकसान करणारे छंद जगात फार नाहीत.

कुलूप लावण्याची खोड कंपन्यांना फार जुनी आहे. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला तेव्हा त्यातला २८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालायचा. त्याचा ठोका ठरवणारा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मदरबोर्डवर नुसता खोचून ठेवलेला होता. लोकांनी तो उपटला, १६ चा खोचला, मशीन ८ ने पळू लागलं. आयबीएमला हे पाहवलं नाही. पुढच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्यांनी वेग तपासायची सोय केली. मशीन ठरल्यापेक्षा जास्त पळताना दिसलं की ते सुरूच व्हायचं नाही.

मग टर्बो बटणाचा जमाना आला. डब्यावर एक बटण आणि शेजारी लाल-हिरव्या दिव्यांचे दोन आकडे. बटण दाबलं की ३३ चे ६६ व्हायचे आणि बघणाऱ्याची छाती भरून यायची. वास्तविक त्या बटणाचा खरा उपयोग मशीन मंद करण्यापुरता होता, कारण जुने गेम वेगवान मशीनवर इतके पळत सुटायचे की खेळणाऱ्याने कळ दाबेपर्यंत खेळ आटोपलेला असे. आणि ते दोन आकडे तर वेग मोजतच नसत. डब्याच्या आतल्या जंपरने हवा तो आकडा बसवायचा, बस्स. दुकानदाराच्या मनात आलं तर ३३ चं मशीन ९९ दाखवू शकायचं, आणि शंभराच्या वर गेलं नाही ते केवळ दोनच आकडे मावत म्हणून.

हीच कला काही व्यापाऱ्यांनी थेट प्रोसेसरच्या अंगावर केली. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खरवडायचा, जास्तीचा छापायचा आणि जास्तीच्या भावात विकायची. १९९८ च्या सुमारास इंटेलने पेंटियम टू घराण्यापासून मल्टिप्लायरला कुलूप ठोकलं, त्यामागे या भामट्यांचं कारण पुढे केलं गेलं. कारण खरंच होतं. पण भावफलकही तितकाच खरा होता. २४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने एकाच दिवशी दोन चिप बाजारात आणल्या: ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर, आणि ४५० मेगाहर्ट्झची पेंटियम टू, किंमत ६६९ डॉलर. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद. पण तिला ६६ ऐवजी १०० चा ठोका दिला, की बरोबर ४५०.

वर सेलेरॉनच्या पोटात १२८ केबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट स्मृती होती, तीही प्रोसेसरच्याच वेगाने पळणारी. महागड्या पेंटियम टूची ५१२ केबी होती खरी, पण ती निम्म्या वेगाने चालायची. त्यामुळे गेममध्ये १४९ डॉलरवाली पोरगी ६६९ वालीच्या खांद्याला खांदा लावून पळायची. सगळ्याच सेलेरॉन ४५० झेपायच्या असं नाही, पण इतक्या झेपायच्या की ती चिप जगभर दंतकथा झाली.

काही मदरबोर्ड मात्र अडून बसायचे. चिपच त्यांना सांगायची, 'मी ६६ वाली आहे', आणि ते ते मुकाट मानायचे. हे सांगणं व्हायचं एका पिनेतून. सेलेरॉन तेव्हा एका लांबट कार्डावर यायची. त्या कार्डाच्या सोनेरी दातांपैकी बी२१ या नावाचा दात झाकला की बोर्डाला वाटायचं, पाहुणी १०० वाली आहे. दात जेमतेम एक मिलीमीटर रुंद. त्याच्यावर सेलोटेपची काडीएवढी पट्टी चिकटवायची. शेजारच्या दाताला धक्का लागता कामा नये, आणि कार्ड स्लॉटमध्ये सरकवताना पट्टी गोळा होता कामा नये. ती नेमकी गोळा व्हायची. त्यावर जाणत्यांचा इलाज होता नेलपॉलिश. बारीक कुंचला, एक थेंब, वाळू द्यायचं, पुन्हा एक थेंब. कंपनीच्या संशोधनाने घातलेलं कुलूप बहिणीच्या मेकअपच्या डब्यातून उघडलं गेलं. बहिणीला ते कळलं तेव्हा बाटली संपलेली असायची, आणि 'काऊन रे भाऊ, माह्यी बाटली कुठं हाय?' या प्रश्नाला '४५० मेगाहर्ट्झ' हे उत्तर कुठल्याच घरात पटलेलं नाही.

पलीकडच्या एएमडीने २००० साली याहून सोपी सोय केली. त्यांच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन चिपच्या पाठीवर धातूचे इवलाले पूल होते, एल१ नावाचे. पूल तोडलेले असले तर मल्टिप्लायर बंद, जोडलेले असले तर मोकळा. आणि ते जोडायला काय लागायचं? शिसपेन्सिल. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं, म्हणून तुटलेल्या पुलाच्या दोन टोकांमध्ये टोकदार पेन्सिल चारदा घासली की काम फत्ते. अप्सरा बरी की नटराज, एवढाच काय तो वाद. पुढच्या वर्षी कंपनीने पुलांच्या मध्ये लेसरने खड्डे खणले, तर लोकांनी आधी खड्डा फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने बुजवला आणि वरून वीजवाहक रंग ओढला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर प्रवास करणाऱ्याला खड्डे बुजवण्याच्या या तत्परतेचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

ठोका वाढवून झाला, मशीन सुरू झालं, निळा पडदा आला नाही. आता सिद्ध करायचं कसं? त्यासाठी सुपर पाय नावाचा प्रोग्रॅम होता, टोकियो विद्यापीठातल्या कानाडांच्या संशोधनातून निघालेला. तो पायची किंमत दहा लाख अंकांपर्यंत काढायचा आणि किती वेळ लागला ते सांगायचा. शाळेत बावीस सप्तमांशच्या पुढे कधी न गेलेली पोरं भर दुपारी पायचे दहा लाख अंक काढत बसायची, दोन सेकंद वाचले म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवायची. अंक कुणी वाचत नसे. सेकंद वाचले, एवढं पुरे. वाचलेले ते दोन सेकंद कुठे खर्च झाले, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे तापाचं. सेलेरॉन ३००ए मूळ वेगाने सुमारे १९ वॉट खायची. वीज खाण्याचं गणित असं: वेग जेवढ्या पटीने वाढतो तेवढ्या पटीने ताप वाढतो, आणि व्होल्टेज वाढवलं तर त्याच्या वर्गाने. तीनशेचे साडेचारशे केले की दीडपट, १९ चे साडेअठ्ठावीस. एवढ्यावर मशीन अडखळलं म्हणून व्होल्टेज २.० चं २.२ केलं, तर आणखी २१ टक्के, म्हणजे ३४-३५ वॉट. ही सगळी उष्णता हीटसिंक आणि पंख्याने हवेत सोडायची असते. आणि हीटसिंक कितीही भारी आणा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवेच्या वर किती अंशांवर थोपवायचं, एवढंच त्याच्या हातात.

इथे चंद्रपूर आडवं येतं. ओव्हरक्लॉकिंगचे सगळे सल्ले २५ अंशांची खोली धरून लिहिलेले असतात. चंद्रपुरात स्लॅबखालची दुपारची खोली ४२ अंशांची. म्हणजे मशीनचं बटण दाबायच्या आधीच सतरा अंशांचा घाटा. मशीन अजून बंद आहे आणि तरी ते शेगडीवर ठेवल्यागत गरम लागतं.

म्हणून कूलर. विदर्भातला कूलर हे यंत्र बाहेरच्या लोकांना नीट कळत नाही. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी किसाच्या ताट्या, त्यांवर झिरपणारं पाणी, आणि समोर विमानाच्या आवाजाचा पंखा. मे महिन्याची हवा वाळून कोरडीठाक झालेली असते, ती ताट्यांतून येताना पाण्याची वाफ करून घेते आणि थंड होते. खोली चाळिसावरून तिशीच्या खाली उतरते. मशीनचं झाकण काढून ते कूलरसमोर ठेवलं, की सेलेरॉनला महाबळेश्वर. मात्र कूलर थंडाव्याबरोबर दमटपणा आणि बारीक तुषारही पाठवतो, आणि इथलं बोअरचं पाणी क्षाराचं. दोन उन्हाळ्यांनी मदरबोर्डवर पांढुरकी बुरशीसारखी खपली धरते. जुलैत पाऊस सुरू झाला की हवा आधीच ओली. मग कूलर थंड काहीच करत नाही, नुसता दमटपणा वाटतो, आणि तीनशेचे साडेचारशे झालेलं मशीन पुन्हा तीनशेवर येऊन बसतं.

चंद्रपूरकरांना हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. शहराच्या कुशीत दुर्गापूरजवळ महाऔष्णिक विद्युत केंद्र उभं आहे. लोक त्याला नुसतं 'थर्मल' म्हणतात. पहिला संच १९८३ साली चालू झाला. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच निवृत्त झाल्यावरही केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथेही प्रश्न अगदी हाच: ताप निर्माण करणं सोपं, घालवणं अवघड. ताप घालवायला पाणी लागतं, ते इरई धरणातून येतं. २०१० च्या उन्हाळ्यात इरईचं पाणी इतकं आटलं की केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. प्रोसेसर जास्त तापला की आपोआप वेग उतरवतो, त्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. ते करणारं अख्खं थर्मल चंद्रपूरने पाहिलेलं आहे, आणि त्या उन्हाळ्यातल्या दुपारी ओव्हरक्लॉकवाल्या पोट्ट्याच्या मशीनचा वेग शून्य मेगाहर्ट्झ होता, कारण लाइटच नव्हती.

प्रोसेसरला हे शहाणपण उशिरा आलं. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटवाल्यांनी चालू मशीनवरून हीटसिंक उचलून घेण्याची चित्रफीत काढली. पेंटियम ४ रेंगाळू लागला पण जगला. पेंटियम ३ गोठला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला. पेन्सिलीने पूल जोडणाऱ्या लोकांनी ती चित्रफीत पाहिली, हळहळ व्यक्त केली आणि पेन्सिलीला टोक केलं.

ठोका सगळ्यांचा सामायिक असला की काय होतं, याचं मोठ्ठं प्रात्यक्षिकसुद्धा याच जिल्ह्यात झालेलं आहे. आपल्या विजेचा ठोका ५० हर्ट्झचा. एका ग्रीडमधली झाडून सगळी जनित्रं त्या एका ठोक्यावर फिरतात. मागणी वाढली की ठोका खाली येतो, घटली की वर जातो, आणि तो एकट्या चंद्रपूरसाठी वेगळा करता येत नाही. पश्चिमेचं ग्रीड आणि दक्षिणेचं ग्रीड यांचे ठोके जुळत नसत. थेट तार जोडली असती तर वरातीतल्या मामांचं झालं तेच झालं असतं, फक्त मामा पाचशे मेगावॉटचे. म्हणून भद्रावतीला १९९७-९८ मध्ये एक केंद्र उभं राहिलं. एका बाजूची एसी वीज घ्यायची, तिची डीसी करायची, आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या ठोक्याने पुन्हा एसी करून रामागुंडमकडे सोडायची. पाचशे मेगावॉटचे दोन संच. डीसीला ठोकाच नसतो, त्यामुळे भांडण मिटलं. दक्षिणेचं ग्रीड देशाच्या ठोक्यात प्रत्यक्ष सामील झालं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर वाहिनीवरून. तोवर दोन बेस क्लॉक वेगळे ठेवण्याचं काम भद्रावतीने इमानेइतबारे केलं, आणि तिथून गाडीने जाणाऱ्या बहुतेकांना वाटायचं की हे आयुध निर्माणीचंच काहीतरी असेल.

इंटेलने २०११ च्या जानेवारीत नेमकं उलटं केलं. सँडी ब्रिज पिढीत सगळे ठोके एकाच १०० मेगाहर्ट्झच्या मुळावर बांधून टाकले: प्रोसेसर, साटा, पीसीआय एक्स्प्रेस, यूएसबी, सगळेच. आता मूळ ठोका तीन-चार टक्क्यांनी जरी वाढवला तरी मामा पडणार. त्याआधीच्या पिढ्यांत मजा होती. क्यू६६०० ही चिप २६६ गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची, तिच्या पोटाखालच्या ७७५ सोनेरी ठिपक्यांपैकी एकावर चिकटपट्टीचा कण लावला की बोर्ड ३३३ चा ठोका द्यायचा आणि चिप ३ गिगाहर्ट्झ व्हायची. सँडी ब्रिजने तो सगळा गृहउद्योग बसवला. मोकळा मल्टिप्लायर हवा असेल तर नावापुढे 'के' असलेली चिप घ्या, म्हणजे चार पैसे जास्त मोजा. कुलपाची किल्ली विकायला ठेवली, एवढाच त्याचा अर्थ.

किल्ली विकण्याचा याहून उघड प्रयोग त्यांनी २०१० मध्ये करून पाहिला होता. पेंटियम जी६९५१ घ्यायचा, वर ५० डॉलरचं कार्ड घ्यायचं, त्यावरचा क्रमांक टाकायचा, की चिपमध्ये आधीपासूनच असलेली जादा कॅश आणि हायपरथ्रेडिंग जागं व्हायचं. रिचार्ज कूपन खरवडण्यात आपली जनता तेव्हा जगात अव्वल होती, तरी ही योजना वर्षभरात गुंडाळली गेली. स्वतःच्या घरातली खोली उघडायला भाडं कोण देणार? आणि २०१५ च्या डिसेंबरात काही बोर्ड कंपन्यांनी स्कायलेक पिढीतल्या कुलूपबंद चिपचा मूळ ठोका वाढवायची सोय बायोसमधून दिली, तर फेब्रुवारी २०१६ पर्यंत ती मागे घ्यायला लागली. दोनेक महिने का होईना, जगभरच्या पोट्ट्यांनी दिवाळी करून घेतली.

हौस मात्र जुन्याच मशीनवर टिकून आहे, आणि जुनी मशीनं चंद्रपूर-गडचिरोलीत भरपूर. कार्यालयांनी काढून टाकलेले कोअर टू ड्युओ, एमएससीआयटीच्या वर्गांतून निघालेले डबे, नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंडहँड आणलेले जी३१ बोर्ड. दुरुस्तीला आलेल्या डब्याचं झाकण काढून आतल्या धुळीवरून तो कुठून आला हे सांगणारे मेकॅनिक इथे असतात. काळी चिकट धूळ असली तर घुग्घुस किंवा माजरी, कोळसा. करडी, पिठासारखी असली तर गडचांदूर, सिमेंट. भुरकट राख म्हणजे थर्मलजवळच्या ऊर्जानगरच्या अलीकडे-पलीकडे. पिवळट कोंडा अडकला असेल तर मूल-ब्रह्मपुरीकडची राइस मिल. आणि तांबडी माती दिसली की एटापल्ली, सुरजागडच्या लोखंडाची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुण मिळवून देशात चौथं आलं होतं. ते गुण कुठे साठतात हे पाहायचं असेल तर कुठल्याही हीटसिंकची पाती उघडून पाहावीत. ब्रशने धूळ झाडली की प्रोसेसर आठ-दहा अंशांनी उतरतो. अनेकांच्या ओव्हरक्लॉकिंगचं रहस्य एवढंच असतं. ठोका तोच, धूळ गेली.

विक्रमवीरांची गोष्ट निराळी. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनीज बुकात नाव लावलं. असले पराक्रम करणारे लोक पंखे लावत नाहीत. तांब्याच्या भांड्यात सहसा उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन ओततात. गडचिरोलीच्या एखाद्या तालुक्यात हे द्रव मिळेल का? मिळेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात. कृत्रिम रेतनासाठी जर्सी आणि गीर वळूंच्या वीर्यनळ्या त्याच नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. तालुक्यातली सगळ्यात थंड जागा ती, आणि तिच्यावर पहिला हक्क वळूचा. "डॉक्टरसाहेब, अर्धा लिटर देता काजी? प्रोसेसरले पाह्यजे" असं म्हणत कुणी गेलंच, तर डॉक्टर आधी जनावराची जात विचारतील.

गडचिरोलीत या छंदाची गणितं आणखी वेगळी आहेत. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा; सुटा भाग हवा तर आधी चंद्रपूर, तिथे नसला तर नागपूर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवशी बायोसमध्ये एक आकडा चुकला, मशीन पडदा दाखवेना, तर कुणाला बोलावणार? तिथल्या पोट्ट्याला म्हणून एक गोष्ट तोंडपाठ हवी: मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढायची, दहा मिनिटं थांबायचं, परत बसवायची. बायोस सगळं विसरतं, कारखान्यातल्या आकड्यांवर येतं आणि मशीन उठून बसतं. घड्याळ मात्र काही वर्षं मागे जातं.

आणि जिथे वीज सौरपॅनेलवर आणि इन्व्हर्टरवर अवलंबून, तिथे खरा शहाणा खेळ उलटा आहे. कोअर टूच्या काळातल्या इंटेल चिपचं कुलूप वरच्या बाजूलाच असतं, खाली उतरायला मनाई नाही. ई२१६० ही चिप २०० गुणिले ९, १.८ गिगाहर्ट्झची, तिला ९ वरून ६ वर आणलं की १.२. व्होल्टेजही उतरवता येतं, आणि त्याच्या वर्गाने ताप कमी होतो हे आधी सांगितलंच. पंखा हळू फिरतो, बॅटरी जास्त टिकते, मराठी टायपिंगला काडीचा फरक पडत नाही. पण 'माझी १.८ ची चिप मी १.२ वर आणली' असं सांगून आजवर कुणाचं लग्न जमलेलं नाही, त्यामुळे हा प्रकार फारसा रूढ नाही.

तेव्हा हौस असेलच, तर मुहूर्त पाहून करावी. वडशाच्या झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीला सुरू होऊन होळीच्या आसपास आटोपतात; ओव्हरक्लॉकिंगचा हंगामही तोच धरावा. डिसेंबरच्या रात्री खोली १५ अंशांवर येते, म्हणजे सल्ल्यातल्या २५ पेक्षाही दहा अंश नफ्यात, कूलरशिवाय. ६६ वाली असेल तर थेट १०० वर जा, ८३ वर थांबू नका. टॅलीचा बॅकअप आधी घ्या. होळी झाली की बायोसमध्ये जाऊन 'लोड डिफॉल्ट्स' करा, पाती ब्रशने झाडा, आणि झाकण लावायच्या आधी आत पाल बसलेली नाही ना, तेवढं बघा.